लेखकाच्या रकान्यात माझं नाव

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. कॉलेजात तर कुणालाच नाही. जिला माहीत आहे तिने ते आजवर कुठे बोललेलं दिसत नाही — बोलली असती तर मी अजून त्याच खुर्चीत बसलो नसतो. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. पण आज सांगतो.

मी नाशिकच्या एका लॉ कॉलेजात पुराव्याचा कायदा शिकवतो. बरा शिकवतो — इंग्रजीत. मराठी शाळांमधून आलेली मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसायची आणि मी त्यांनाच झापायचो, वकील व्हायचंय ना, मग इंग्रजी नको का? खरी गोष्ट अशी होती की मला तो कायदा सोप्या मराठीत सांगताच येत नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

लॉकडाऊनमध्ये कॉलेजने ऑनलाइन पोर्टल सुरू केलं. व्हिडिओ, नोट्स, सराव प्रश्न, सगळं एका जागी. स्टाफमध्ये मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा एक गैरसमज होता, त्यामुळे पोर्टल माझ्या गळ्यात पडलं. मग प्राचार्यांनी फर्मान काढलं — प्रत्येकाने आपल्या विषयाच्या मराठी नोट्स टाकायच्याच. बाकीच्यांनी टाकल्या. पोर्टल सांभाळणाऱ्या माझ्याच विषयाचं पान कोरं.

यमुना तेव्हा माझ्या वर्गात होती. हरसूलजवळच्या एका पाड्यावरची मुलगी, घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. तिच्या पाड्यावर रेंज नसायची, पोर्टल उघडायचंच नाही. मी लेक्चरचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायचो, ते ती घरामागची टेकडी चढून उतरवून घ्यायची. मग खाली येऊन ऐकायची, आपल्या भाषेत वहीत लिहायची आणि पानांचे फोटो मला पाठवायला पुन्हा टेकडीवर. फोटोखाली एकच ओळ — ‘सर, बरोबर हाय का बघा.’

बरोबर? अहो, वाचताना मला स्वतःची लाज वाटली होती. ऐकीव पुरावा म्हणजे काय, हे मी दोन तास बोलूनही मुलांच्या डोक्यात शिरत नाही. तिने लिहिलं होतं — हरसूलच्या बाजारात सोमा रामाला म्हणाला की गोविंदाने शेळी नेल्याचं त्याच्या कानावर आलंय. असं बाजारभर झालं तरी कोर्टाला बाजार नको, शेळी नेताना ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो माणूस हवा. झालं! एवढ्यात कायदा संपला. अशी साठेक पानं.

मी ती पानं टाइप करून घेतली. कायद्याच्या पुस्तकांत उदाहरणातल्या माणसांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणायची रीत आहे. त्या रीतीने मी सोमाचा ‘अ’ केला, रामाचा ‘ब’, गोविंदाचा ‘क’. हरसूल काढून टाकलं. शेळीची ‘जंगम मालमत्ता’ केली. माझं म्हणून त्यात काही असेल तर एवढंच.

पोर्टलवर चढवताना लेखकाच्या रकान्यात चढवणाऱ्याचं नाव आपोआप येतं. ते बदलता येतं — मीच इतरांना शिकवलं होतं कसं बदलायचं. उद्या बदलू म्हणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी स्टाफच्या ग्रुपवर माझं कौतुक केलं, ‘मराठीत इतकं सोपं कुणी लिहिलं नव्हतं.’ खाली अभिनंदनांची रांग. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्यानंतर बदलणार कसं? बदलता आलं असतं. लाज वाटली असती, एवढंच झालं असतं.

कॉलेज पुन्हा भरलं. शेवटच्या वर्षाला यमुनाने प्रकल्पाला विषय घेतला तोच, ऐकीव पुरावा. जे तिने टेकडीवर बसून मला पाठवलं होतं तेच तिने विस्ताराने लिहिलं. दुसरं काय लिहिणार? ते तिचंच होतं. प्रकल्प पोर्टलवर जमा केला की कॉम्प्युटर तो आधीच्या साहित्याशी ताडून बघतो आणि उचललेला मजकूर लाल दाखवतो. तिची पानंच्या पानं लाल झाली.

चौकशीला आम्ही तिघं बसलो. प्राचार्य, प्रकल्पाच्या मॅडम आणि पोर्टलप्रमुख म्हणून मी. हो, मी. मॅडमनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. ते पान ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. तिने सावकाश वाचलं, वर माझं नाव वाचलं, आणि म्हणाली, “हे मी लिवलेलं हाय.”

“चोराच्या उलट्या बोंबा,” मॅडम पुटपुटल्या. मग मोठ्याने, “पुरावा काय?”

वही तिने हॉस्टेलवरच्या एका मुलीला दिली होती, ती परत आलीच नव्हती. जुना फोन बंद पडला होता. ती म्हणाली, “सरांना फोटो पाठवले व्हते. सरांच्या फोनमधी असतील.”

सगळे माझ्याकडे वळले. माझा फोन टेबलावरच होता, पालथा. त्यात ते सगळे फोटो होते — आजही आहेत. मी म्हणालो, “मला आठवत नाही. त्या काळात मुलं रोज काय काय पाठवायची.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फोनकडे पाहिलं.

प्रकल्प रद्द झाला, वर्ष गेलं. माफीनामा लिहून दिला तर पुढच्या वर्षी पुन्हा संधी, असं ठरलं. आणि माझा निर्लज्जपणा बघा — व्हरांड्यात जाऊन मीच तिला समजावलं, दोन ओळी लिहून टाक, विषय संपव. ती म्हणाली, “कशाची माफी लिहू, सर?” मी घड्याळ बघितलं. ती जिना उतरून गेली, पुन्हा कॉलेजात आली नाही. परीक्षा नाही, सनद नाही.

तिच्या त्या नोट्सवर दरवर्षी मुलं पास होतात. काहीजण वकील झालेत. पेढे घेऊन येतात, वाकून नमस्कार करतात. मी पेढे खातो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ती आणि तिचा भाऊ कामाला होते. हायवेवर टेम्पोने भावाला उडवलं. जागेवर गेला. आवाजात राग नव्हता — असता तर बरं वाटलं असतं मला. म्हणाली, “सर, भरपाईच्या दाव्याचे कागद मीच तयार केलेत. फक्त वकील पायजे, सहीला. आमच्या ओळखीत दुसरं कोणी नाय.”

तिने मसुदा पाठवला. मी लाल पेन घेऊन बसलो होतो. एकही खूण करावी लागली नाही.

तो मसुदा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवला. नाशिकच्या कोर्टात चांगली वकिली चालते त्याची. संध्याकाळी त्याचा फोन आला. केस घेतो म्हणाला, पैशांचं बोलूच नका म्हणाला. आणि मग हसून, “सर, मसुदा तुम्हीच लिहिलाय ना? दोन ओळींत ओळखलं. आम्ही तुमच्या नोट्सवरच तर शिकलो.”

मीही हसलो. नाही म्हणालो नाही.