सकाळी सरपटणारा, दुपारी उभयचर

बाटल्यांतले बेडूक वर्षानुवर्षं तेवढेच राहतात, किस्से मात्र वाढत जातात. आमच्या प्राणिशास्त्र विभागात तर बहुतेक किस्से एकाच कपाटातून निघाले. त्यात सेमूरियाच्या सांगाड्याची प्लास्टरची प्रतिकृती होती. प्राणी डायनोसॉरच्याही कितीतरी आधीचा. सर त्याला सरपटणारा म्हणत, मॅडम उभयचर. सकाळच्या प्रॅक्टिकलला सरांची चिठ्ठी लागे, दुपारी मॅडमची.

हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मला निवडलं होतं. त्या वर्षी त्यांना प्राणिशास्त्रवालेही चालत होते, फक्त फर्स्ट क्लास हवा. तो या दोघांच्या हातात.

*

मी सरांना म्हटलं, "सर, नव्या पुस्तकांत सेमूरियाचं वेगळंच दिलंय."

"नवी पुस्तकं वाचायला वेळ आहे. जर्नल पूर्ण करायला नाही."

*

माझी मैत्रीण शबाना हुशार. चाचणीत तिनं दोन्ही लिहिलं, मध्ये 'किंवा' टाकून. मॅडमनी लाल शाईत शेरा मारला, "अर्धं उत्तर बरोबर. कुठलं, ते सरांना विचारू नये."

*

विभागाच्या प्रदर्शनात बिबवेवाडीहून आलेल्या एका आजोबांनी सेमूरियाकडे बोट दाखवून विचारलं, "हा पुण्यात सापडला का हो?"

"पुण्यात जुनं शोधावं लागत नाही," सर म्हणाले. "ते आपणहून चौकशी करत येतं."

सरांच्या स्वतःच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

*

शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आजारी पडले. सर आणि मॅडम शेजारी-शेजारी बसले. टेबलावर सेमूरिया.

"हा कोण?" सरांनी विचारलं.

"कवटीमागची खाच उभयचरासारखी, मणके सरपटणाऱ्यासारखे. याच्या भाऊबंदांच्या पिल्लांना तर कल्ले होते."

"एकच काय ते सांगा."

माझं डोकं फिरलं. "सर, आधी तुम्ही दोघं ठरवा. मी बाहेर थांबते."

बाहेर आले आणि मग भान आलं. गेली नोकरी. अर्ध्या तासानं आत बोलावलं. दोघांचा चहा गार झालेला.

"कल्ल्यांचं मी यांना शिकवलेलं नाही," सर मॅडमना सांगत होते.

"मीही नाही."

"मग मार्क कशाचे द्यायचे?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "आपण शिकवलं नाही, त्याचे."