पारिजातकाच्या देठांचा साखरभात

खरं बोलून माणसं तोडण्यात आमच्या शेजारच्या सरांचा हात धरणारा अख्ख्या सातारा जिल्ह्यात कुणी नसेल. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात केशराचा ध्यास घेत. एकदा त्यांनी रजेवर आलेल्या एका जवानाकडून केशराचे कंद मिळवले, कुंडीत लावले आणि त्यांना काश्मीर वाटावं म्हणून रोज संध्याकाळी सायकलच्या कॅरियरवर बर्फाची लादी आणू लागले. निम्मी लादी रस्त्यातच वितळे. शेवटी कंद कुजले. सरांनी दोष बर्फाला दिला नाही, साताऱ्याला दिला. कुणाकडे जेवायला गेले की श्रीखंडाला हात लावण्याआधी ते केशराची डबी आणि वाटीभर पाणी मागत. अस्सल केशर पाण्यात सावकाश पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. टाकल्या टाकल्या पाणी तांबडं झालं की ते रंगवलेलं सोंग समजावं. मग सर अगदी गोड आवाजात सांगत, "वहिनी, ही करडई आहे. बियांचं तेल मात्र उत्तम निघतं." त्या घरचं आमंत्रण पुन्हा येत नसे आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कपाळाला हात लावत.

त्यांचं दुसरं वेड पारिजातकाचं. केशराला ज्या द्रव्यामुळे रंग येतो तेच द्रव्य पारिजातकाच्या नारिंगी देठात असतं, हे ते दूधवाल्यालासुद्धा समजावून सांगत. सकाळी लोक देवासाठी फुलं वेचत, सर देठांसाठी. ते देठ सावलीत वाळवून बरणीत भरून ठेवत. आम्ही हसायचो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर माझ्या धाकट्या बहिणीचं, शालनचं, मेढ्याकडच्या एका घरात जमलं. हुंडा त्यांना नको होता. मुलाचे चुलते लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी फक्त साखरपुड्याला अस्सल केशराचा साखरभात मागितला. वडिलांनी हौसेने एका फेरीवाल्याकडून डबी घेतली. साखरपुड्याच्या सकाळी सरांनी तिच्यातली काडी पाण्यात टाकली. पाणी क्षणात लाल झालं आणि काडी पांढरीफटक पडली. मक्याच्या कणसाचे रंगवलेले केस होते ते. पाहुणे तासाभरात दारात येणार, दुसरं केशर आणायचं कुठून? हे लोक आपल्याला लबाड समजतील आणि सोयरीक मोडेल, एवढंच वडील पुटपुटत होते.

सर घरी गेले आणि देठांची बरणी घेऊन आले. देठ कोमट पाण्यात भिजवले, पाणी गाळलं, आधी स्वतः वाटीभर पिऊन दाखवलं. आईने वेलदोडे आणि जायफळ सढळ हाताने घातलं. भात असा सोनेरी उतरला की आम्ही बघतच राहिलो.

पंगतीत सुभेदारांनी पहिला घास घेतला, थोडं थांबले आणि सरांकडे वळून म्हणाले, "सर, तुमी यातलं जाणकार म्हनं. केसर अस्सल हाय न्हवं?"

शालन दाराआड उभी होती. जन्मात खोटं न बोललेल्या सरांच्या कपाळावर घाम आला.

"सुभेदार," ते म्हणाले, "हा रंग केशरातलाच आहे."

सुभेदारांनी मान हलवली आणि आणखी भात वाढून घेतला. सुपारी फुटली.

पण त्यानंतर सरांची अन्नावरची वासनाच उडाली. लग्न पार पडल्यावर न राहवून त्यांनी मला घेऊन मेढ्याची एस.टी. पकडली आणि सुभेदारांपुढे सगळं कबूल केलं. सुभेदार मिशीत हसले.

"सर, पैल्या घासालाच कळलं हुतं. काश्मिरात नोकरी केलीया, केसराचा वास मला ठावं हाय. पर तुमी घामाघूम झाल्यालं बगितलं. शेजारी पोरीसाठी येवढा आटापिटा करत्यात, म्हंजी पोर लाखात एक आसणार, आसं वाटलं."

परतीच्या वाटेवर सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्याला नुसते रंगच ओळखता येतात रे."

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचे उपकार आमच्या घराने कधी फेडले नाहीत, आणि ते फिटणारेही नव्हते. शालन माहेरी आली की आधी काकूंच्या घरात शिरते, सरांच्या फोटोला हात जोडते आणि मग आमच्याकडे येते. तिच्यासाठी ठेवलेला चहा तोवर गार होतो. आई तो मुकाट्याने पुन्हा गरम करते.