तेहेतिसावा आकडा

ठाण्याच्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं. चौदा मार्चचा 'पाय दिवस' तिथे मीच सुरू केला. मुलांचं एक मंडळ, मुलींचं एक. दोन्हींकडून एकेकाने पायचे, म्हणजे ३.१४१५... या संख्येचे, दशांशानंतरचे आकडे तोंडपाठ म्हणायचे. जो चुकेल त्याच्या तोंडाला बाकीच्यांनी केकचं क्रीम फासायचं. हा दांडगटपणा मला आवडत नसे, पण मी तो कधी थांबवलाही नाही.

त्या वर्षी मुलींकडून कोलशेतची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरात बारावीपुढे कुणी गेलं नव्हतं. घरच्या जमिनीवर बिल्डरचे टॉवर आल्यापासून वडिलांना कशाची ददात नव्हती. पोरीला अजून कशाला शिकवायचं, एवढाच त्यांचा प्रश्न. स्थळही आलेलं. तिने एमएस्सीचा हट्ट धरला, तेव्हा खरंच हुशार आहेस का बघतो, म्हणून ते पहिल्या रांगेत येऊन बसले.

बत्तीस आकडे ती न अडखळता म्हणाली. तेहेतिसावा म्हणाली, "दोन."

"आठ. चुकलीस," मी म्हटलं.

कागद माझ्या हातातच होता. पण मला विद्यार्थिदशेपासून पाठ, बघायचं कशाला? सर, एकदा बघा ना, असं ती म्हणाली. मी पुढच्याला बोलावलं. मैत्रिणींनीच तिला क्रीम फासलं. वडील उठून गेले.

हॉल रिकामा झाल्यावर कागद पाहिला. दोनच होता. मला स्वतःची लाज वाटली. उद्या सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला आणि ती यायचीच बंद झाली. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं जागेवर राहिलं, तिचं खाली आलं.

एप्रिलात साखरपुड्याचं आमंत्रण आलं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत मी गेलो. ती पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, "दोनच होता ना, सर?"

"हो."

"मग बाबांना सांगा. अजून लग्न नाही झालेलं."

तेवढ्यात वडील आले. माझा हात धरून पाहुण्यांना सांगू लागले, यांच्यामुळे पोरीच्या डोक्यातलं खूळ गेलं. "सर बोलले चुकली, म्हणजे चुकली."

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही.

स्थळ चांगलं मिळालं, असं मी म्हणालो आणि जेवून घरी आलो.