बोथट पटाश्यांचा वर्ग

सत्तरच्या दशकात शाळांमध्ये कार्यानुभव नावाचा विषय आला. मुलांनी हातानं काहीतरी करून शिकावं, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती. राबवायला आमच्यासारखी माणसं होती, एवढीच अडचण. नागपुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत एक मोठा खोका आला. उघडला तर आत करवती, रंधे, लाकूड कोरायच्या पटाश्या आणि लाकडी हातोडे. शिवणयंत्रं जवळच्या मुलांच्या शाळेत जाऊन पडली होती. अदलाबदल करायचं दोन्ही शाळांनी ठरवलं, पण त्यासाठी किती कार्यालयांत अर्ज द्यावे लागतील हे कळल्यावर दोघांनीही आपापल्या खोक्यावर समाधान मानलं. मुलांच्या शाळेनं यंत्रं कपाटात घातली. आमचा खोका माझ्याकडे आला, कारण शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलाचा हलणारा पाय मी एकदा खिळा मारून पक्का केला होता. आपल्याला एखादं काम येतं हे नोकरीच्या ठिकाणी कळू देऊ नये, हा धडा मला तेव्हा मिळाला.

मी भूगोलाची बाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत घराजवळच्या एका सुताराकडे जाऊन बसू लागले. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "बाई, तुम्ही भूगोलच शिकवा." पुढं त्यानं काही म्हणणं सोडून दिलं, ते मी प्रमाणपत्र मानलं.

जूनमध्ये आठवीचा वर्ग सुरू झाला. भिंतीवर मी नियम लावले. पटाशीच्या पुढं हात ठेवायचा नाही. लाकूड शिकंज्यात घट्ट पकडल्याशिवाय पटाशी उचलायची नाही. पटाशीची धार गेली की ती लगेच बाईंकडे द्यायची. हा शेवटचा नियम आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, छपाईची चूक वाटला.

"धार असलेली द्यायची, असं हवं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, गेलेली. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते."

"असं होय," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द म्हणजे त्यांचं ऐकणं संपल्याची खूण असे.

बनवायला मी पाट निवडला. खुर्ची निवडली असती तर पोरींना सुतारीण करता का, असं पालकांनी विचारलं असतं. पाटावर जेवायला बसतात, त्यामुळं त्याला कोणी हरकत घेत नाही. शिवाय पाट दिसतो तितका सोपा नसतो. फळीच्या खाली दोन खाचा पटाशीनं कोरायच्या, त्यात दोन आडव्या पट्ट्या बसवायच्या. खाच सैल झाली तर पट्टी निघते, एका बाजूला खोल गेली तर पाट डुगडुगतो. खिळा मारायचा नाही.

"बाई, मले नाही जमून राहिलं," कोणीतरी म्हणे.

"काहून?"

"करवत वाकडी चाल्ली."

"करवतीले डोळे नसतात वं, तुले आहेत," शेजारची परस्पर सांगून मोकळी होई.

या वर्गात शाळा समितीच्या चिटणिसांची मुलगी होती. चिटणीस म्हणजे इतवारी बाजारातले भांड्यांचे मोठे व्यापारी. सगळे त्यांना शेठजी म्हणत. मुलगी वर्गात फार बोलत नसे. भूगोलात तिला गोदावरी कुठून निघते हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागे. पण तिची खाच मी बोटानं तपासली की बोट कुठंही अडत नसे. इतर मुली पहिल्याच खाचेवर असताना तिची पहिली पट्टी हातोड्याच्या दोन टोल्यांत जागेवर बसली. मग तिनं दुसरी खाच आखली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मोठ्या बाईंनी वर्गात येऊन अवजारांची पूजा केली. पटाश्या पाटावर ओळीनं मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. अवजार हे आपलं दैवत आहे, यावर त्या बराच वेळ बोलल्या. मुलींनी पेढे खाल्ले.

त्यानंतर आठवडाभरातच चिटणिसांच्या मुलीनं पटाशीच्या पुढं डावा हात ठेवला आणि तिचा अंगठा कापला. वाटाण्याएवढी जखम. मी धुतली, पट्टी बांधली, नियम पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी शेठजी आणि त्यांच्या पत्नी मोठ्या बाईंच्या खोलीत हजर.

"चूक माझीच होती, बाईनं सांगितलं होतं," मुलगी म्हणाली.

"तू चूप राह्य वं," शेठजी म्हणाले, मग आमच्याकडे वळले. "उद्या पाव्हणे पाहाले येतील. अंगठ्यावर हा डाग. काय सांगू मी त्यायले? पोरगी सुतारकाम करून राहिली होती म्हणून?"

पोरगी तेरा वर्षांची होती. तिची आई पदराशी चाळा करत बसली होती. त्या बाईंच्या बोटांवर विळीच्या जुन्या व्रणांच्या इतक्या रेघा होत्या की एखाद्या नदीच्या खोऱ्याचा नकाशा वाटावा. तरी त्यांचं लग्न झालेलं होतं.

मोठ्या बाईंनी तोडगा काढला. "विषय वरून आलेला आहे, तो आपल्याला बंद करता येत नाही. आपण अवजारांची धार काढून टाकू. विषयही राहील, मुलींची बोटंही राहतील."

त्या विनोद करताहेत अशी माझी समजूत झाली. शेठजींनी मान डोलावली आणि सभा संपली.

आमचे शिपाई मागच्या पायरीवर बसले आणि एकेक पटाशी दगडावर उभी धरून घासू लागले.

"बाई, आठ दिवसांमागं यायले फुलं वाह्यली, अन् आता मीच नाक कापून राहिलो यायचं."

"घासा. वरून हुकूम आहे."

"वरून म्हणजे देवाकडून का मोठ्या बाईकडून?"

"आपल्याला दोन्ही सारखेच."

पुढं जे व्हायचं ते झालं. पूर्वी लाकूड पटाशीला वाट देत असे, आता मुली तिच्यावर अंग टाकू लागल्या. एकीची पटाशी उडून गुडघ्यावर आली. एकीनं हातोडा इतका जोरात मारला की तो स्वतःच्याच मनगटावर बसला. खाचांचे काठ उंदरानं कुरतडल्यासारखे झाले. सबंध सहामाहीत बांधल्या नव्हत्या तितक्या पट्ट्या मी दोन आठवड्यांत बांधल्या, आणि मग पटाश्या कुलपात ठेवल्या.

मोठ्या बाईंना याचंही फार वाईट वाटलं नाही. "बाजारातून तयार पाट आणू, मुली पॉलिशच्या कागदानं घासतील. प्रदर्शनात ठेवता येतील." पाटांखाली काय लिहायचं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आठवीचे पाट." वाक्य खोटं नव्हतं; कोणी केले एवढंच त्यात नव्हतं. शिवाय समितीच्या शनिवारच्या बैठकीत सुतारकाम कायमचं काढून त्याजागी भरतकाम आणायचं, असं घाटत होतं.

चिटणिसांची मुलगी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली.

"बाई, माझी एक पट्टी बसली, एक राहिली."

"मला माहीत आहे."

"एका पट्टीवर पाट उभा नाही राहत. भरतकाम आलं तर तो तसाच राहीन ना?"

"तुझ्या बाबांना सांग."

"त्यायले सांगितलं. ते म्हणते, दुकानातून कोणता पाहिजे तो आणून देतो." मग म्हणाली, "मले तोच पाहिजे."

शुक्रवारी संध्याकाळी मी इतवारीत गेले. हातगाड्यांतून वाट काढत शेठजींच्या दुकानाची पायरी चढले. गर्दी होती. लग्नाची भांडी घ्यायला काटोलहून आलेलं एक कुटुंब गादीवर बसून पातेली वाजवून पाहत होतं. शेठजींनी मला पाहून नमस्कार केला.

"या बाई. काय दाखवू?"

"विळी दाखवा."

त्यांनी स्वतः उठून तीन विळ्या पुढं ठेवल्या. मी प्रत्येकीच्या पात्यावर अंगठा आडवा फिरवला आणि बाजूला सारल्या.

"यांना धार आहे," मी म्हटलं. "मला बोथट हवी. घरी लहान मुली भाजी चिरतात, बोट कापायला नको."

शेठजी हसले. गिऱ्हाइकाला शिकवण्याची संधी व्यापारी कधी सोडत नाही. काटोलच्या मंडळींनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बाई, बोथट विळीनंच बोट जाते. धारेची विळी भाजी कापते. बोथटीवर पोरगी जोर करते, कांदा सटकते अन् बोट पात्यावर. माझ्या दुकानात बोथट माल भेटत नाही."

"खरं आहे," काटोलची म्हातारी पातेलं खाली ठेवून म्हणाली. "आमच्या सुनेचं तसंच झालं."

"मग शाळेतल्या पटाश्यांचं कसं करायचं, शेठजी?" मी विचारलं.

 त्यांनी विळ्यांकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. आपणच बोललेलं वाक्य गिऱ्हाइकासमोर परत घेणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"उद्या बैठकीत पाहू," ते म्हणाले. मधली विळी मी घेतली. चांगली होती.

बैठकीत शेठजींनी बोथट अवजारांचे धोके या विषयावर सर्वांचं मार्गदर्शन केलं. धार असणं किती आवश्यक आहे, हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. माझं मत कोणी विचारलं नाही आणि मीही ते दिलं नाही. काम होत असताना बोलू नये. सुतारकाम राहिलं. पटाश्यांना पुन्हा धार लावायला शिपाई आणि मी रविवारचा दिवस घालवला.

बैठक उठल्यावर शेठजींनी मला बाजूला घेतलं. "बाकीच्या पोरींचं ठीक आहे. आमचीले तेवढं भरतकामात टाका."

"पण तिचाच पाट सगळ्यात चांगला आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले. "चांगलं जमलं तर तिले सवय लागन."

इतका प्रामाणिक माणूस त्या समितीत दुसरा नव्हता. शेजारच्या खोलीत हौशी मुलींसाठी भरतकाम सुरू झालं आणि ती तिकडे गेली. तिचा पाट मी भिंतीला टेकवून ठेवला. एका मुलीनं मागितला, मी दिला नाही.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती दारात उभी राहिली. हातात डबा होता, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. 

"आता काय लागलं?"

"सुई. रोजच टोचते."

"घरी काय म्हणाले?"

"काही नाही. आई म्हणते, भरतकामात रक्त निघतेच."

तिनं डबा बाकावर ठेवला, फळी शिकंज्यात घट्ट पकडली आणि पटाशीसाठी माझ्यापुढं हात केला. मी दार लोटून घेतलं. त्यानंतरच्या सगळ्या मधल्या सुट्ट्यांत ती जेवली कधी, हे मला माहीत नाही. दुसरी पट्टी बसली तेव्हा तिनं पाट जमिनीवर ठेवला, त्यावर उभी राहिली आणि आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर भार देऊन पाहिला. पाट हलला नाही. मग घंटा झाली आणि ती रुमालावरचा मोर पुरा करायला गेली.