कोणते गेडाम?

सांगतो, पण हसायचं तर मोकळं हसा. तोंडात दुपट्टा कोंबून खुसुखुसु नको. माझी फजिती सगळ्या गावानं माइकवरून ऐकली आहे, तुमच्यापासून काय लपवू?

आमचं गाव आरमोरीपासून आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. नवा माणूस आला की त्याला पाणी मागाहून विचारतात, आधी आडनाव. आणि आडनाव ऐकलं की लगेच दुसरा प्रश्न : "कोणते?"

इकडची आडनावं मोठी फसवी. मेश्राम ढिवरांत आहेत, बौद्धांत आहेत, गोंडांतही आहेत. गेडामांचं तसंच. नुसत्या आडनावावरून जात कळत नाही, आणि जात कळल्याशिवाय आमच्या म्हाताऱ्यांच्या गळ्याखाली चहा उतरत नाही. म्हणून "कोणते मेश्राम?", "कोणते गेडाम?" जसं काही आंबे घेऊन राहिले, गावरान की कलमी!

मी स्वतः मेश्राम. प्रफुल मेश्राम, ढिवर, म्हणजे तलावात जाळं टाकून मासे धरणारे. नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा रूम बघायला गेलो. घरमालकीण गोड हसली. "मेश्राम? कोणते मेश्राम?" मी खरं सांगितलं. तिचं हसू तसंच राहिलं, पण रूम "कालच गेली". दारावर 'रूम भाड्याने देणे आहे' ही पाटी माझ्यासमोर लटकत होती! अशा दोन-चार रूम "कालच" गेल्या. मग मी कॉलेज सोडलं. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वेगळं सांगतात : "त्यानं काय सोडलं? कॉलेजनंच त्याले सोडलं."

तर हे मोठेबाबा. गावातले पहिल्या नंबरचे 'कोणते'वाले. कोणी यांना "ए ढिवरा" म्हटलं तर काठी घेऊन धावतात, आणि स्वतः मैनाबाईच्या चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची जात खोदतात. मागच्या वर्षी आलेल्या सिस्टरनं, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईंनी, याच 'कोणते'ला कंटाळून गाव सोडलं. सरकारी क्वार्टरचं छत गळतं, आत वटवाघळं राहतात. गावात रिकाम्या खोल्या भरपूर, पण प्रत्येक दारात तोच प्रश्न. बिचारी आरमोरीहून जाणं-येणं करत होती. नाल्याला पूर आला की ती तिकडे आणि आम्ही इकडे.

आणि या वर्षी माझ्या वहिनीला श्रावणात दिवस भरत होते. ऐन पुरात! नवी सिस्टर येणार होती. ती गावात टिकली नाही तर वहिनीचं काय, हे मोठेबाबांना कोण सांगणार? मीच सांगितलं. टपरीवर, सगळ्यांसमोर.

"मोठेबाबा, तुमच्या घरची मागची खोली रिकामी आहे. नव्या सिस्टरले देऊन टाका."

"देऊ ना. पण कोणत्या आहेत त्या?"

"नर्स आहेत!"

"ते मलेबी समजते बे. गेडाम आहेत म्हंते. कोणते गेडाम?"

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, तुम्हाला लाज नाही वाटत? नातू यायचा आहे घरात, आणि तुम्ही सुईणीची जात शोधून राहिले? तुमच्यासारख्या म्हाताऱ्यांनीच हा देश सडवला! माणसाला त्याच्या आडनावावरून ओळखणं हा गुन्हा आहे गुन्हा!

मैनाबाई चहा गाळता गाळता थांबली. बाईला कपबशा धुण्याचा भारी कंटाळा. म्हणाली, "मी सांगतो एक उपाय. आजपासून या टपरीवर जो 'कोणते' विचारीन, तो घमेलंभर कपबशा धुवीन. नाई धुतल्या त चहा बंद!"

सगळे हसले. मोठेबाबाही हसले. संध्याकाळी गडचांदूरचा सिमेंटवाला आला, त्यानं आपलं नाव सांगितलं आणि मोठेबाबांच्या तोंडून सवयीनं निसटलंच, "कोणते?"

अहो, काय सीन! सत्तरीचा माणूस धोतर खोचून, उकिडवा बसून राखेनं कपबशा घासतोय! मी मुद्दाम तीन वेळा चहा प्यायलो. प्रत्येक वेळी नवा कप.

आठवडाभरात सिस्टर आल्या. स्कूटीवर, पाठीला सॅक, तिशीच्या आत-बाहेर. म्हाताऱ्यांची हालत बघायला हवी होती! प्रश्न घशापर्यंत यायचा आणि घमेलं आठवून परत जायचा. मग आडून आडून चौकशी.

"सिस्टर, तुमच्या माहेरी देवघरात कोनकोन राह्यते जी?"

"उंदीर," सिस्टर म्हणाल्या.

"नाई, म्हंजे लग्नात काय पद्धत तुमच्यात?"

"नवरा-नवरी लागतात भाऊ. बाकी मंडप."

मोठेबाबांनी मात्र खोलीची चावीच हरवली. रोज म्हणायचे, "पाहून राह्यलो ना बाप्पा, सापडली की देतो." सिस्टर रोज आरमोरीला परत. वहिनीचे पाय सुजत चाललेले, आणि नाल्याचं पाणी चढत चाललेलं.

मग मी ठरवलं. सिस्टरांचा जाहीर सत्कार करायचा! सगळं गाव जमवायचं आणि लोकांसमोर मोठेबाबांकडून चावी काढून घ्यायची.

आता इथे नीट ऐका. सिस्टर गोंड आहेत हे मला माहीत होतं. कसं म्हणजे? गेडाम! आणि धानोऱ्याकडून, म्हणजे गोंडांच्या मुलखातून बदलून आल्या होत्या. मी काही आडनावावरून जात ओळखली नाही हं! मी फक्त आडनावावरून अंदाज केला. फरक आहे त्यात. तेव्हा तरी होता.

गोंडटोलीत माझा दोस्त लालसू मडावी राहतो. त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "ढोल काढ. तुमच्या समाजाची लेक गावात आली आहे."

"आमच्या समाजाची? तुले कोनं सांगतलं?"

"गेडाम आहेत ना!"

"मंग?"

"मंग काय? पिवळा दुपट्टा पाह्यजे, रेला नाच पाह्यजे. तुमच्या अस्मितेचा प्रश्न आहे!"

लालसूनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आम्ही जाळ्यात आलेल्या चपलेकडे टाकतो. "आमची अस्मिता सध्या रोवण्यात आहे बावा, धान लावून राह्यलो," तो म्हणाला. "पन चाल, येतो. ढोल वाजवाले कारन थोडीच लागते?"

सत्कार झाला चावडीसमोर. सगळं गाव आलेलं, मैनाबाईनं सगळ्यांना चहा वाटला. माइक माझ्या हातात. आणि माझ्या हातात माइक म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे.

"बंधूंनो! आजपासून गोंड म्हणायचं नाही! आदिवासी म्हणायचं! वनवासी तर अजिबात नाही, तो अपमान आहे! मूलनिवासी म्हणा! या मातीचे पहिले मालक म्हणा!"

मागून लालसूचे वडील ओरडले, "आमाले गोंड म्हन गा! गोंडच हाओ आमी! चांद्याचा किल्ला आमच्या राजानं बांधला का तुया बापानं?"

मी माइकवरून म्हणालो, "काका, तुम्ही जरा चूप बसा. मी तुमच्या सन्मानाबद्दल बोलतोय!"

अख्ख्या सभेत हसू फुटलं. मला वाटलं, भाषण रंगलं.

तेवढ्याच जोशात मी सिस्टरांच्या गळ्यात पिवळा दुपट्टा घातला. वर गोंडांचा नमस्कारही ठोकला, "जय सेवा!" ढोल घुमला. पोरी नाचल्या. सिस्टरांनी हात जोडले, माइक घेतला.

"जय सेवा. दुपट्टा सुंदर आहे, ढोल तर फारच छान. मला एकच सांगा प्रफुलभाऊ, मी गोंड आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ढोल बंद.

"म्हणजे... तुम्ही... गेडाम ना?"

"हो, गेडाम."

"मग गेडाम म्हणजे..."

आणि त्या म्हणाल्या, माइकवर, अगदी शांतपणे : "म्हणजे कोणते गेडाम, असंच ना?"

मागून मैनाबाई किंचाळली, "विचारलं! यानं विचारलं!"

"मी नाही विचारलं! एक शब्द विचारला असेल तर..."

"खरं आहे, त्यांनी विचारलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मोठेबाबा निदान विचारत तरी होते. यांनी न विचारताच ठरवून टाकलं."

मैनाबाईनं तिथेच निकाल दिला. विचारलं तर एक घमेलं. न विचारता ठरवलं तर जेवढं गाव चहा प्यालं तेवढं सगळं. आणि त्या दिवशी अख्खं गाव चहा प्यालं होतं. काही हरामखोरांनी तर निकाल ऐकून आणखी एकेक मागवला.

चावडीसमोर, भर उजेडात, मी उकिडवा बसलो. लालसू माझ्या शेजारी ढोल वाजवतोय, वरून सांगतोय, "अस्मिता बरोबर घासजो बे, काठ राहून राह्यला."

आणि मोठेबाबा! ते हसत होते की काय म्हणू? डोळ्यांतून पाणी, ठसका, कोणीतरी पाठ थोपटतंय. ठसका थांबला तसा त्यांनी करगोट्याला हात घातला आणि चावी काढली. म्हणजे चावी इतके दिवस कमरेलाच होती!

"घ्या सिस्टर," ते म्हणाले. "या पोट्ट्याले कोनी चूप करू शकलं नोतं. मास्तर नाई, बाप नाई, मी नाई. तुमी केलं! माया घरी नाई राहान त कुठी राहान?"

घ्या! कधीपासून मी तत्त्वं सांगत होतो, तोवर चावी हलली नाही. माझी इज्जत गेली आणि खोली मिळाली. मी कपबशी घासता घासता मनात उडी मारली. फजिती तर फजिती, जिंकलो ना आपण!

श्रावणात नाल्याला असा पूर आला की आरमोरीचा रस्ता दोन दिवस पाण्याखाली. आणि त्यातच वहिनीला कळा सुरू झाल्या. पण आता काय भीती? सिस्टर अंगणापलीकडे! तिकडून धावत आल्या, आणि दुपारी मुलगी झाली. गुटगुटीत, आवाज माझ्यासारखा, माइकची गरज नाही.

तोवर गाव वेडं झालेलं. गोंडटोली म्हणे, सिस्टर आपल्या आहेत, मोहाचे लाडू घेऊन येई. बौद्धवाड्यातल्या बाया म्हणत, आपलीच लेक, खीर पाठवा. आमचे ढिवर म्हणू लागले, आपल्यातही कुठे कुठे गेडाम असतात म्हणे, आणि रोज ताजे मासे. सिस्टर सगळ्यांचं घेत, सगळ्यांचं खात, आणि कोणाला काही सांगत नसत. आजवर गावात कोणालाच माहीत नाही.

त्या दुपारी बाळ माझ्या हातात देताना त्या हसल्या. मीही हसलो. आता घरच्याच झाल्या होत्या ना! मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. आवाज बारीक केला.

"सिस्टर, राग मानू नका. आपल्या-आपल्यात म्हणून. मी कोणाला सांगणार नाही. पण खरंच... कोणते?"

त्यांनी बाळ माझ्याकडून परत घेतलं. बोट उचललं आणि नुसती मैनाबाईच्या टपरीची दिशा दाखवली.

गेलो. टपरीमागे पाण्याच्या ड्रमाजवळ धोतर खोचून मोठेबाबा आधीच घमेल्याशी बसले होते. मला पाहून त्यांनी थोडी जागा सरकवली, राखेचा डबा पुढे केला.

"तुलेबी नाई सांगतलं?"

"नाही."

"मलेबी नाई," ते म्हणाले. "घे. बशा तू धू."