भिवराबाईनं मेंढरांसाठी खणलेलं तळं

भिवराबाईवर कुणीतरी हात बसलेल्या माणसानं लिहायला हवं होतं. तसं काही झालं नाही, म्हणून मी धीर करतोय. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

१९७४ साली येलदरी धरणाच्या खाली, नदीकाठच्या एका गावात मी मास्तर होतो. भिवराबाईचा चाळीस मेंढरांचा कळप रोज शाळेवरून नदीवर जायचा. नवरा मल्हारी पुढं आणि ही मागं, सगळ्या वाटेवर बोलत.

पूर्वी उन्हाळ्यात नदीचे नुसते डोह उरायचे, दुपारपर्यंत कोमट व्हायचे. फाल्गुनात लोकर कातरण्याआधी मेंढरं त्यात धुवायची. धरणावर वीज तयार व्हायला लागली आणि नदीचं वागणं बदललं. बारा महिने पाणी आलं, विहिरी भरल्या, बायकांच्या खेपा वाचल्या. पण हे पाणी धरणाच्या तळातलं, थंडगार. सकाळी दहाच्या सुमाराला अचानक वाढायचं आणि संध्याकाळी उतरायचं. डोहातली वाळू वाहून गेली, काठाचे मासेही कमी झाले. गार पाण्यात मेंढरं खोकायला लागायची आणि ओढीत त्यांचे पाय टिकायचे नाहीत.

त्या वर्षी भिवराबाईच्या लेकीचं, बानूचं लग्न वैशाखात ठरलं होतं. नवरा-नवरीला बसायला घोंगडी घरच्याच लोकरीची हवी, ही धनगरांची रीत. कातरणारा ग्यानबा शनिवारी पालमहून एसटीनं यायचा होता, आणि रविवारी पुढच्या गावाला जायचा होता. मळकी लोकर घोंगडी विणणारा सणगर हातात धरत नाही. म्हणजे शनिवारच्या आत मेंढरं धुवायलाच हवी होती.

शुक्रवारी भल्या सकाळी भिवराबाई माझ्यासमोर उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"मास्तर, काल शाळा बंद व्हती ना?"

"हो. जिंतूरला मीटिंग होती."

"मग नदी कामून चालू व्हती?"

मला काही उमगेना. मग हळूहळू कळलं. शाळा बंद असली की नदी उथळ असते, हे तिनं वर्षभर पाहून ठेवलं होतं. म्हणून गुरुवारी शाळेला कुलूप दिसताच तिनं मेंढरं पाण्यात घातली. दहा वाजता लोंढा आला. दोन मेंढ्या वाहत गेल्या, त्या मल्हारीनं खालच्या वळणावर शिंगं धरून काढल्या.

मी म्हणालो, "अहो बाई, ते रविवारमुळं. कारखाने बंद, वीज कमी लागते, म्हणून वीजघरातून पाणी कमी सोडत असतील." हा माझा अंदाज होता, आजही खात्री नाही.

"म्हंजी तुमच्यामुळं न्हाई?"

"माझं कोण ऐकतंय!"

"त्ये बी खरंच," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "रवारी धुऊन काय उपेग? ग्यानबा निघून जाईल."

ती नदीकडं बघत राहिली. पलीकडं विहीर नसलेल्या वस्तीतल्या बायकांनी पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत झिरे, म्हणजे पाणी झिरपून साठणारे खड्डे, खणले होते.

"पळतंय तर पळू द्या," ती म्हणाली. "आपुन त्येला बसवू."

तासाभरात ती, बानू, मल्हारी आणि शेजारच्या दोघी काठाच्या वाळूत एक लांबट खड्डा खणू लागले. नदीकडं एक चर ठेवला होता.

मल्हारी फावडं टेकून म्हणाला, "मेंढरांस्नी न्हाणीघर! आता वासाचा साबण बी आण."

"आदी तू आंघूळ कर, मेंढरं लाजायलीत तुला बघून!" भिवराबाई म्हणाली.

दहा वाजता पाणी चढलं, चरातून खड्ड्यात शिरलं. गुडघाभर झालं तशी भिवराबाईनं वाळू लोटून तोंड बंद केलं. बाजूनं नदी धावत होती आणि इथं पाणी उन्हात निवांत पडून होतं. दुपारी मधली सुट्टी झाली तसा मी पाहायला गेलो.

"मास्तर, हात घाला. आंघुळीवाणी झालंय का?"

झालं होतं. मेंढरं एकेक करून आत गेली. पाणी चहासारखं लाल होत चाललं, मेंढरं मात्र उजळत गेली. मग सगळी गवतावर उन्हाला उभी केली.

शनिवारी दुपारी ग्यानबानं पहिल्या मेंढीच्या लोकरीत बोटं खुपसली, नाकाजवळ नेली.

"लय साफ हाय. एवढ्या गार पाण्यात कुठं धुतली, वैनी?"

"वीजघरात," भिवराबाई म्हणाली.

ग्यानबा हसत खाली बसला, मेंढी मांडीशी घेतली आणि कातर चालवायला लागला. बानूनं लोकरीसाठी धुतलेलं धोतर पसरलं.