समासातली ओळ

सरूबाईंचं बुधवारचं वाचन केडगावच्या बायका सहसा चुकवत नसत. छापील शास्त्र रविवारी चर्चमध्ये. बुधवारी ओसरीवर मात्र सरूबाईंची शुभवर्तमानातल्या गोष्टींची वही. बाराव्या वर्षी त्यांनी आईच्या, जाईबाईच्या, वहीवरून ती उतरवून काढली होती.

१९९८च्या उन्हाळ्यात पुतण्या सतीश सुट्टीवर आला. पुण्याला धर्मशास्त्र शिकत होता. या बुधवारी काय वाचणार, त्यानं विचारलं.

"त्या बाईला धोंडे मारायला आणतात आन् येशू सोडवतो, ती गोष्ट. नकुशीला शब्द दिलाय." नवऱ्यानं टाकलेली नकुशी दोन महिने वाचनाला येऊन भिंतीला टेकून बसायची, तोंडातून अवाक्षर नाही.

सतीश चाचरला. "काकू, शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत ती गोष्ट नाहीच. नंतर कुणीतरी घातली, असं अभ्यासक म्हणतात."

"तुला शास्त्र शिकायला धाडलं का खोडायला?" त्या हसल्या खऱ्या, पण तव्यावरची भाकरी करपली. खोटं वाचायचं न्हाई आणि दिलेला शब्दही मोडायचा न्हाई, करायचं काय?

सतीशनं वही छापील पुस्तकाशेजारी धरली. "आणि ही ओळ? 'मग ती ताठ मानेनं घरी गेली.' ही तर कुठल्याच प्रतीत नाही."

सरूबाईंनी पेटीतून आईची वही काढली. ओळ होती, पण समासात, पेन्सिलीनं. केंदूरच्या सासरच्यांनी हाकलल्यावर जाईबाई इथल्या निराधार बायकांच्या ख्रिस्ती आश्रमात आली होती. ती ओळ तिनं स्वतःसाठी लिहिलेली. आईकडून मजकुरातून सुटली असेल, असं समजून लहानग्या सरूनं ती आत घेतली.

सरूबाईंनी पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवलं. "त्या बाईच्या गोष्टीचंबी तवा असंच झालं असंल की रं. ऐकलेली गोष्ट वाया जाऊ नये म्हणून कुणी कडंला लिहिली, पुढच्यानं आत घेतली."

"मग वाचणार नाही?"

"वाचणार तर! पण सांगून."

बुधवारी त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हंजी इतकी वर्सं आमाला काय ऐकवलंत, बाई?" सिंधूबाई फणकारली.

"एक ओळ माझ्या आईची ऐकवली. चूक माझी. गोष्ट मागून आली असंल, पण माझा प्रभू कुठल्याबी पानावर पडलेल्याला उठवतोच. त्याला मी वहीवरनं वळखत न्हाई."

मग गोष्ट वाचली, शेवटची ओळ सोडून.

भिंतीपासून आवाज आला. नकुशीचा. "बाई, तुमच्या आईची ओळ ऱ्हायली."

सरूबाईंनी पेन्सिल घेतली, ओळ मजकुरातून खोडली, समासात लिहिली, आणि मोठ्यानं वाचली.